५५० वॅट पुरतील; पण कुठले ५५०?

वाचकाचं पत्र :

मी अकोल्याची. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. आतापर्यंत घरच्या जुन्या पीसीवर भागवलं. आता पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन स्वतः पीसी जोडणार आहे. इंटेलचा आय५-१३४०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, दोन एसएसडी आणि एक ४ टीबीची हार्ड डिस्क, एवढं ठरलंय. अडलंय ते पॉवर सप्लायवर. दुकानदार म्हणतात, कॅबिनेटसोबत ६०० वॅटचा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायच) येतोच, वेगळा कशाला घेता? पुण्याचा दादा म्हणतो, ८५० वॅट गोल्डच्या खाली बघूच नकोस. घर वडिलोपार्जित, वायरिंग जुनं. जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. मी कोणता सप्लाय घेऊ? आणि पैसे कमी पडले तर जुन्या पीसीतला दहा वर्षांपूर्वीचा एसएमपीएस दोन-तीन महिने वापरला तर चालेल का?

उत्तर :

नमस्कार. आधी थेट उत्तर देतो. चांगल्या मालिकेतला ५५० वॅटचा सप्लाय घ्या. ब्रॉन्झ चालेल, जमलं तर गोल्ड (या कार्यक्षमतेच्या पायऱ्या, पुढे सांगतो). दुकानदारांचा ६०० नको आणि दादाचा ८५०ही नको. त्यातून जे पैसे वाचतील त्यातले पहिले घराच्या अर्थिंगवर खर्च करा. मुंग्या येण्याची जी गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, ती मला वॅटच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतोच.

वॅटचा हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करावा, म्हणजे कुणी काही सांगितलं तरी पाय डगमगत नाहीत. तुमच्या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो त्याचा मूळ आकडा. टर्बोमध्ये, म्हणजे कामाचा भार वाढल्यावर तो वेग वाढवतो तेव्हा, त्याची कमाल मर्यादा इंटेलने १४८ वॅट दिली आहे, आणि व्हिडिओ रेंडरला लावला की तो तिकडेच धावतो. कार्डाचे ११५ वॅट. झाले २६३. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे या सगळ्यांचे मिळून ५०-६० धरा. म्हणजे सगळं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चाललं तरी ३२० वॅटच्या आसपास. तशी वेळ एडिटिंगमध्ये फार थोडा काळ येते. टाइमलाइनवर कापाकापी करताना मशीन याच्या निम्म्यानेही चालत नाही.

मग ५५० कशाला? ग्राफिक कार्ड एकसारखी वीज घेत नाही. मिलिसेकंदाहूनही लहान क्षणांसाठी ते आपल्या सरासरीच्या बरंच वर उसळी मारतं, आणि ती उसळी सप्लायला न अडखळता पेलता आली पाहिजे. शिवाय सप्लाय निम्म्या-पाऊण भारावर चालला तर कमी तापतो, पंखा शांत राहतो. कार्डाची कंपनी एनव्हिडियानेही ४०६०साठी ५५० वॅटचीच शिफारस केली आहे.

आता दुकानदारांचे ६००. त्यांना एवढंच म्हणा, ‘काका, लेबल दाखवा.’ प्रत्येक सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे बघायचा तो फक्त १२ व्होल्टचा रकाना. कॅबिनेटसोबत येणाऱ्या सप्लायवर तिथे १६ किंवा १८ अँपिअर लिहिलेलं अनेकदा आढळतं. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. तुमच्या प्रोसेसर आणि कार्डालाच २६३ लागतात! उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. तिथल्या विजेचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टखाली ४३ ते ४५ अँपिअर असतात, म्हणजे जवळजवळ सगळे ५५० एकट्या १२ व्होल्टवर मिळतात. लेबलवर १२ व्होल्टचा आकडाच नसेल तर तो सप्लाय जागेवरच ठेवा.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका दिसला तरी तेच करा. ती जुन्या रचनेची खूण आहे. आजच्या चांगल्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट आत असतं आणि ते येणाऱ्या व्होल्टेजशी आपोआप जुळवून घेतं.

फुकटचा सप्लाय पहिल्या दिवशी बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालतो, हीच अडचण. सहा महिने, वर्ष चालतो. मग ऐन लग्नसराईत रेंडर अर्ध्यात थांबतो, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, आणि माणूस रॅम बदल, विंडोज पुन्हा टाक, असं करत बसतो. सप्लायवर कुणाचा संशयच जात नाही. आणि शेवटी तो जातो तेव्हा एकटा जातो असं नाही. चांगल्या सप्लायमध्ये जास्त करंट, जास्त व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, जास्त तापमान यांपैकी काही झालं तर स्वतःला बंद करणारं संरक्षण असतं. स्वस्तात यातलं नेमकं काय गाळलेलं आहे ते बाहेरून कळत नाही. एखाद्या जोडप्याच्या लग्नाचं सगळं चित्रण ज्या हार्ड डिस्कवर आहे, तिला वीज पुरवणाऱ्या वस्तूत हजार-दोन हजार वाचवू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

दादाचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. ८५० हे आकारमान झालं आणि गोल्ड ही कार्यक्षमता. ३२० वॅटच्या मशीनला ८५०चा सप्लाय लावल्याने नुकसान काही होत नाही. तो मशीनला लागेल तेवढीच वीज देतो. फक्त जे कधी वापरणार नाही त्याचे पैसे जातात. पुढेमागे खूप मोठं कार्ड घ्यायचं नक्की असेल तर ७५०चा विचार करावा, आणि तेव्हा एटीएक्स ३.१ मानकाचा, नव्या १६ पिनच्या जोडणीचा सप्लाय बघावा. तुमच्या कामाला ती गरज मला दिसत नाही.

गोल्ड म्हणजे काय, तर ८० प्लस नावाच्या प्रमाणपत्राची एक पायरी. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज मशीनपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ते मोजतं. ११५ व्होल्टवर, निम्म्या भाराला ब्रॉन्झने किमान ८५ टक्के आणि गोल्डने ९० टक्के द्यायला हवेत. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर दोन्ही थोडे वरच असतात. बिलात याने किती फरक पडेल? मशीन सरासरी २५० वॅट वापरतंय असं धरा, ब्रॉन्झ ८६ टक्क्यांनी आणि गोल्ड ९० टक्क्यांनी चालतोय. फरक येतो १३ वॅटचा. रोज आठ तास, वर्षात ३०० दिवस काम केलंत तर साधारण ३१ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तीनशे-सव्वातीनशे रुपये. तेव्हा दोघांच्या किमतीत हजारभराचा फरक असेल तर गोल्ड घ्या; तीन हजारांचा असेल तर केवळ बिलासाठी घेऊ नका.

मात्र गोल्ड म्हणजे सुरक्षित, हे समीकरण साफ चुकीचं आहे आणि ते फार पसरलंय. गिगाबाइटचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे दोन्ही सप्लाय गोल्ड प्रमाणपत्राचेच होते. जास्त भारावर घेतलेल्या चाचण्यांमध्ये ते फुटल्याच्या तक्रारी आल्या, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला निवेदन काढावं लागलं. जास्त भाराला बंद होण्याची मर्यादा आधी १२० ते १५० टक्के ठेवली होती, ती ११० ते १२० टक्क्यांवर आणली, आणि ठरावीक सिरियल नंबरांचे सप्लाय बदलून देण्याची तयारी दाखवली. व्होल्टेज स्थिर आहे का, संरक्षण वेळेवर काम करतं का, हे ८० प्लस तपासतच नाही.

म्हणून कंपनीच्या नावावर किंवा रंगावर न जाता नेमकी मालिका आणि मॉडेल बघा. एकच कंपनी उत्तम आणि सुमार अशा दोन्ही मालिका विकते. बऱ्याच कंपन्या सप्लाय स्वतः बनवतही नाहीत. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल अशांसारख्या कारखान्यांकडून बनवून घेतात. त्या मॉडेलचं ऑसिलोस्कोप आणि लोड टेस्टर लावून केलेलं परीक्षण शोधा. खोक्यातून काढून दाखवणारे व्हिडिओ यासाठी काही कामाचे नाहीत. परीक्षणात १२ व्होल्टची पट्टी ११.४ ते १२.६ च्या आत राहते का आणि रिपल, म्हणजे त्या व्होल्टेजमधली बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या बरंच खाली आहे का, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ. वॉरंटीकडेही बघा. तीन वर्षांच्या सप्लायपेक्षा पाच किंवा सात वर्षांचा घ्या, आणि वॉरंटीत बदलायची वेळ आली तर तो अकोल्यातून घेतात की नागपूर-मुंबईला पाठवावा लागतो हे आधीच विचारा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

अकोल्यात राहणाऱ्यांनी आणखी दोन आकडे बघायलाच हवेत. एक तापमान. काही सप्लाय आपली पूर्ण ताकद ४० अंशांना सांगतात, काही ५० अंशांना. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि कॅबिनेटच्या आत तर खोलीपेक्षाही गरम असतं. ५० अंशांचा उल्लेख असलेला घ्या, आणि आतले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) ८५ऐवजी १०५ अंशांचे आहेत ना, हे परीक्षणात बघा. कपॅसिटर दहा अंशांनी गार राहिला तर त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. ती हवा गार असली तरी दमट असते, आणि धूळ ओली होऊन सर्किटवर बसते. दुसरा आकडा इनपुट व्होल्टेजचा. लेबलवर १००-२४० असेल तो घ्या. काही स्वस्त मालिकांवर २००-२४० असतं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी आणि कूलर चालू झाले की ज्या भागात व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं, तिथे हा फरक जाणवतो. १००-२४०च्या सप्लायला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

आता मुंग्या. प्रत्येक सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून धातूच्या अंगाला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून येणारा किंचितसा करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जावा अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं, त्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो, आणि तुम्ही हात लावला की तो करंट तुमच्यातून जमिनीत जातो. एरवी तो इतका कमी असतो की नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर एखादी फेजची तार बॉडीला टेकली, तर जी तार तुम्हाला वाचवणार होती ती घरात नाही, असा त्याचा अर्थ. नवा महागडा सप्लाय घेतलात तरी मुंग्या येतच राहतील, कारण दोष सप्लायचा नाही.

वायरमनला बोलवा आणि पीसीच्या बोर्डावर मल्टिमीटर लावून बघायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या जवळपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, असं हवं. न्यूट्रल-अर्थचा आकडा मोठा किंवा भरकटत असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे किंवा मुळात केलेलंच नाही. तेव्हा अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्यावा आणि तिथून पीसीच्या बोर्डापर्यंत हिरवी तार ओढून घ्यावी. एखादा वायरमन ‘बोर्डातच न्यूट्रलला जोडून देतो, मुंग्या थांबतील’ असं म्हणेल. त्याला तिथेच थांबवा. मुंग्या थांबतील खऱ्या, पण न्यूट्रल कुठे सुटलं तर अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण फेज येईल. तसंच जुन्या दोन पिनच्या बोर्डात बसवण्यासाठी प्लगची वरची जाड पिन कापायची नाही. काम चाललंच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. घरातल्या सगळ्यांसाठी तो खर्च सार्थकी लागतो. पीसीसाठी १६ अँपिअरच्या पॉइंटची गरज नाही. तुमचं मशीन पूर्ण भारावरही दोन अँपिअरच्या आत राहतं.

लाइट गेल्यावर पीसी का रीस्टार्ट होतो, तर वीज जाणं आणि इन्व्हर्टर बॅटरीवर येणं यांच्यात काही मिलिसेकंदांची फट पडते. ती फट सप्लायने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायची असते. इंटेलच्या मार्गदर्शिकेप्रमाणे बनवलेला सप्लाय सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. स्वस्त सप्लायमध्ये तो कपॅसिटर लहान घालतात, आणि जुना झाला की तोही आटतो. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, बहुधा त्यावर यूपीएस असं लिहिलेलं असतं. तो त्या बाजूला आहे का बघा. दुसऱ्या बाजूला असेल तर फट बरीच मोठी पडते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का हेही तपासा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर नवे सप्लाय कधी कधी गुरगुरतात किंवा सरळ बंद होतात.

एवढं करूनही रीस्टार्ट थांबला नाही तर वेगळा यूपीएस लागेल, आणि तो घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. तुमचं मशीन भरात असताना भिंतीतून ३७० वॅटपर्यंत खेचेल, वर मॉनिटरचे ३०. म्हणजे नेमकं रेंडर चालू असताना लाइट गेली की तो यूपीएस हात टेकणार. १००० व्हीए किंवा त्यावरचा घ्या. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडायला लागल्या की मात्र यूपीएससकट सगळ्याचे प्लग काढून ठेवा, आणि इंटरनेटची तांब्याची केबल येत असेल तर तीही.

जोडणीबद्दल थोडं. सुट्या केबलचा मोड्युलर सप्लाय घेतलात तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. दुसऱ्या सप्लायच्या केबल दिसायला सारख्या असतात, खाचेत बसतातही, पण सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. त्याने हार्ड डिस्क जळालेल्या आहेत. हार्ड डिस्कसाठी मोलेक्सवरून (जुनी चार पिनची जोडणी) साटा (आजच्या डिस्कची चपटी जोडणी) करणारी, एकसंध प्लॅस्टिक ओतलेली स्वस्त जोडपट्टीही टाळा. ती आतून वितळते. सप्लाय स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ टिकून असतात.

जुन्या एसएमपीएसबद्दल तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, दोन-तीन महिन्यांसाठीही तो नव्या मशीनला लावू नका. दहा वर्षं अकोल्याच्या उन्हाळ्यात तापलेले कपॅसिटर आणि लाइट गेली की आत्ताच मान टाकणारा सप्लाय, त्यावर नवा बोर्ड आणि ग्राहकांचं काम कशाला टांगायचं? पैसे कमी पडत असतील तर कार्ड दोन महिन्यांनी घ्या. तुमच्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ नाही, म्हणजे त्यात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक आहे, आणि एच.२६४, एच.२६५ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारांचं चित्रण वाचायला-लिहायला त्यातलं क्विक सिंक नावाचं सर्किट चांगलं काम करतं. बिल करताना खोक्यावर ‘एफ’ नसल्याची खात्री करा. रंगकाम आणि जड इफेक्ट तोवर हळू चालतील, पण कापणी आणि एक्स्पोर्ट अडणार नाहीत. आणि कॅबिनेट एसएमपीएसशिवाय घेतलं तर किती कमी होतील, हे दुकानदारांना जरूर विचारा. बहुतेक दुकानांत ते तसं मिळतं.